प्रिस्क्रिप्शनशिवाय सीबीडी घेताय? मग लिव्हर, डोस आणि बाकीची औषधं कशी सांभाळायची ते स्टेप बाय स्टेप

सीबीडी म्हणजे कॅनाबिडिऑल, भांगेच्या झाडातला नशा न आणणारा एक घटक. त्याचं तेल, कॅप्सूल, गमीज हे सगळं बऱ्याच देशांत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळतं, आणि त्यामुळे लोक ते व्हिटॅमिनच्या गोळीसारखं सुरू करतात, कोणाला झोप लागत नाही म्हणून, कोणाचे गुडघे दुखतात म्हणून, कोणाला सारखं टेन्शन येतं म्हणून. पण सीबीडी शरीरात गेलं की औषधासारखंच वागतं. ते लिव्हरमध्ये मोडलं जातं, तिथे बाकीच्या औषधांच्या आड येतं, आणि डोस वाढला तर लिव्हरला सूजही आणू शकतं. याच सीबीडीचं शुद्ध रूप अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधं मंजूर करणारी सरकारी संस्था) २०१८ मध्ये एपिडायोलेक्स या नावाने फिट्सच्या दोन अवघड आजारांसाठी मंजूर केलं, आणि तेव्हा त्याच्यासोबत लिव्हरच्या तपासण्यांचं अख्खं वेळापत्रक लावून दिलं. तेच सीबीडी दुकानातून किंवा ऑनलाइन घेतलं की वेळापत्रक द्यायला समोर कोणीच नसतं. म्हणून ते आपणच लावून घ्यायचं, आणि ते कसं तेच इथे लिहितोय.

आधी आकड्यांचा अंदाज घ्या म्हणजे घाबरायचं किती आणि काळजी घ्यायची किती ते कळेल. फिट्सच्या त्या दोन आजारांसाठी एपिडायोलेक्स दिवसाला किलोमागे ५ मिलिग्रॅमपासून सुरू होतं आणि २० पर्यंत जातं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला ३०० ते १२०० मिलिग्रॅम. बाहेरून घेणारे बरेच लोक १० ते ५० च्या आसपास असतात, त्यामुळे त्यांची रिस्क बरीच कमी. पण कमी म्हणजे शून्य नाही हो. २०२५ मध्ये एफडीएच्याच शास्त्रज्ञांचा एक अभ्यास आला, त्यात २०१ निरोगी माणसांपैकी काहींना चार आठवडे किलोमागे ५ मिलिग्रॅम सीबीडी आणि बाकीच्यांना नुसतं प्लासिबो (औषध नसलेला खोटा डोस) दिलं, तर सीबीडीवाल्यांपैकी ५.६ टक्के लोकांचे लिव्हर एन्झाइम (लिव्हरला त्रास झाला की रक्तात वाढणारे घटक) नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या तिप्पटीपुढे गेले, प्लासिबोवाल्यांपैकी एकाचेही नाही. बंद केल्यावर एक-दोन आठवड्यांत आकडे खाली आले ही चांगली गोष्ट. पण हे सगळे धडधाकट लोक होते आणि दुसरं कुठलं औषध घेत नव्हते, हे लक्षात ठेवा. ब्रिटनच्या फूड स्टँडर्ड्स एजन्सीनेही निरोगी माणसांसाठीचा रोजचा सल्ला ऑक्टोबर २०२३ मध्ये ७० मिलिग्रॅमवरून थेट १० वर आणला, कारण प्रश्न एका दिवसाचा नसून वर्षानुवर्षं रोज घेण्याचा आहे.

स्टेप १: आपण घ्यावं का हे आधी ठरवा

प्रेग्नन्सी असेल, बाळाला अंगावर पाजत असाल तर घेऊ नका, एफडीएचा सल्ला स्पष्टपणे तसाच आहे. मूल व्हावं म्हणून प्रयत्न चालू असतील तर पुरुषांनीही थांबावं, प्राण्यांवरच्या अभ्यासात नरांच्या प्रजननक्षमतेवर वाईट परिणाम दिसलेत. हिपॅटायटिस, सिरॉसिस असं काही असेल तर सीबीडी शरीरातून बाहेर पडायला खूप वेळ लागतो आणि तोच डोस कितीतरी पटीने जास्त पडतो, त्यामुळे लिव्हरच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय बाटली उघडायचीच नाही. लहान मुलांना स्वतःच्या मनाने देणं तर पूर्ण बंद. फिट्सचा पेशंट असेल तर दुकानातलं तेल हा औषधाला पर्याय नाहीये, चालू औषध कमी करून हे देऊन बघू असा विचारसुद्धा नको. आणि डिप्रेशन किंवा जीव द्यायचे विचार आधी येऊन गेले असतील तर आधी आपल्या डॉक्टरशी बोला, फिट्सच्या सगळ्या औषधांवर जी मूड बदलण्याची वॉर्निंग असते ती एपिडायोलेक्सवरही आहे.

आपल्या देशात हे कायदेशीर आहे का, कामावर ड्रग टेस्ट होते का, हेही इथेच बघून घ्या, पुढे टीएचसीचा (भांग-गांजातला नशा आणणारा घटक) मुद्दा येतो तेव्हा हे लागणार आहे.

स्टेप २: चालू औषधांची यादी

सगळ्यात मोठा धोका इथे आहे, माझ्या मते लिव्हरपेक्षाही मोठा, आणि लोक नेमकी हीच स्टेप गाळतात.

होतं असं की सीबीडी लिव्हरमधले काही एन्झाइम अडवतं, मुख्यतः सीवायपी २सी१९, आणि ज्या औषधांना शरीराबाहेर काढायचं काम हे एन्झाइम करतात ती औषधं मग रक्तात साचत जातात. तुम्ही गोळी तेवढीच घेताय पण रक्तात ती दुप्पट-तिप्पट झालेली असू शकते. फिट्सच्या क्लोबाझाम या औषधाचं उदाहरण सगळ्यात स्वच्छ आहे, शरीरात त्यापासून बनून पुढे अंमल करणारा जो भाग असतो तो सीबीडीसोबत रक्तात साधारण तिप्पट होतो आणि माणूस दिवसभर पेंगतो. ट्रान्सप्लांटवाल्यांचं टॅक्रोलिमस, सिरोलिमस, एव्हरोलिमस हे वाढतं आणि तिथे किडनीवर बेतू शकतं. वॉरफरिन (रक्त पातळ ठेवायचं औषध) घेणाऱ्यांचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) वर गेल्याच्या केसेस आहेत, म्हणजे रक्तस्रावाची भीती. फिट्सच्या व्हॅल्प्रोएट या औषधासोबत लिव्हर एन्झाइम वाढण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त. डिप्रेशनचं सिटालोप्रॅम, टेन्शन-झोपेसाठीचं डायझेपाम यांचीही पातळी वाढू शकते. झोपेच्या गोळ्या, मॉर्फिन-ट्रमाडॉलसारखी पेनकिलर, दारू यांच्याबरोबर सुस्ती एकावर एक चढते, मग गाडी चालवणं तर सोडाच पण बाथरूममध्ये पडायचीही भीती. उलटंही होतं, रिफॅम्पिसिनसारखं टीबीचं औषध चालू असेल तर सीबीडीच लवकर संपून जातं, मग माणूस म्हणतो मला काहीच फरक पडला नाही आणि डोस वाढवत बसतो. साधी कॉफीसुद्धा यातून सुटत नाही, एपिडायोलेक्सच्या माहितीपत्रकात कॅफिनचा एकूण अंमल जवळजवळ दुप्पट झाल्याची नोंद आहे, त्यामुळे सीबीडी सुरू केल्यावर उलट झोप उडाली, छातीत धडधड व्हायला लागली तर एकदा कॉफीचे कप मोजा.

मग करायचं काय, तर एका कागदावर सगळं लिहा. प्रिस्क्रिप्शनची औषधं तर झालीच पण पॅरासिटामॉल कितीदा घेता, ॲसिडिटीची गोळी, आयुर्वेदिक किंवा हर्बल काढे-चूर्णं, प्रोटीन पावडर, सगळं. जी औषधं स्वतःच लिव्हरला जड असतात (टीबीची, मेथोट्रेक्सेट, जास्त डोसचं पॅरासिटामॉल) त्यांच्यासमोर खूण करा. हा कागद डॉक्टर किंवा फार्मासिस्टसमोर ठेवून सरळ विचारा, "यातलं कुठलं औषध सीबीडीबरोबर वाढतं किंवा कमी होतं, आणि त्याची पातळी मोजायची टेस्ट आहे का?" नुसतं "सीबीडी घेऊ का" असं विचारलं की बरेचदा "नको" एवढंच उत्तर मिळतं आणि विषय संपतो, पण प्रश्न नेमका असला की समोरचा माणूसही नीट बघून सांगतो. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका. उद्या काही झालं आणि त्यांना सीबीडीचं माहीतच नसेल तर ते भलतीकडेच कारण शोधत बसतील.

वॉरफरिन, टॅक्रोलिमस, फिट्सची औषधं यातलं काही चालू असेल तर माझं मत सरळ आहे, डॉक्टर स्वतः लक्ष ठेवायला तयार नसतील तर सुरू करू नका.

स्टेप ३: पहिला थेंब घेण्याआधीची टेस्ट

एलएफटी म्हणजे लिव्हर फंक्शन टेस्ट करून घ्या, त्यात एसजीपीटी (काही लॅब एएलटी लिहितात), एसजीओटी (एएसटी) आणि टोटल बिलिरुबिन हे तीन आकडे आपल्याला हवेत. साधी रक्ताची टेस्ट आहे. फक्त आदल्या दोन-तीन दिवसांत जिममध्ये जोरदार वजनं उचलू नका आणि दारू घेऊ नका, दोन्हीने हे आकडे उगाच वर जातात.

ही टेस्ट आधीच का, तर समजा एखाद्याला आधीपासूनच फॅटी लिव्हर आहे पण त्याला ते माहीत नाही आणि त्याचा एसजीपीटी कायमच ६२ असतो. त्याने टेस्ट न करता सीबीडी सुरू केलं, महिन्याने टेस्ट केली, आकडा आला ६६. आता सगळे म्हणणार सीबीडीने लिव्हर बिघडवलं. आधीचा रिपोर्ट असता तर दिसलं असतं की फारसं काही हललेलंच नाही. आणि याच्या उलट, आधी १८ असलेला आकडा महिन्याने ३९ झाला तर लॅबचा रिपोर्ट "नॉर्मल" म्हणेल, तांबडी खूणसुद्धा येणार नाही, पण तुमच्यासाठी तो दुप्पट झालाय आणि दोन आठवड्यांनी परत बघायला हवा. हे आधीचा कागद हातात असेल तरच कळतं, म्हणून फाइलमध्ये तो जपून ठेवा किंवा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

पहिल्याच रिपोर्टमध्ये आकडे वाढलेले असतील तर सीबीडी बाजूला ठेवा आणि आधी त्याचं कारण शोधा.

स्टेप ४: बाटली नीट वाचा

२०१७ मध्ये जामा या वैद्यकीय जर्नलमध्ये एक तपासणी छापून आली होती, ऑनलाइन विकली जाणारी ८४ सीबीडी प्रॉडक्ट्स लॅबमध्ये तपासली तर लेबलवर जितकं लिहिलंय साधारण तितकंच सीबीडी फक्त ३१ टक्क्यांमध्ये निघालं, ४३ टक्क्यांमध्ये लिहिल्यापेक्षा जास्त होतं, २६ टक्क्यांमध्ये कमी, आणि १८ प्रॉडक्ट्समध्ये टीएचसी सापडलं. म्हणजे डोस मोजायचा तर आधी बाटलीवर विश्वास ठेवता येतो का ते बघावं लागतं.

त्यासाठी बॅचचा लॅब रिपोर्ट मागा, बाहेरच्या लॅबचा, कंपनीच्या स्वतःच्या लॅबचा नको. रिपोर्टवरचा बॅच नंबर आणि बाटलीवरचा बॅच नंबर एकच आहे ना हे स्वतःच्या डोळ्यांनी जुळवा, कारण काही विक्रेते एकच जुना छान रिपोर्ट सगळ्या बॅचेसना चिकटवून ठेवतात. रिपोर्टमध्ये सीबीडी किती, टीएचसी किती, शिसं-कॅडमियम-आर्सेनिक-पारा यांसारखे जड धातू, कीटकनाशकं, सॉल्व्हंट आणि बुरशी-जंतू हे सगळं तपासलेलं हवं. लॅब आयएसओ १७०२५ (लॅबच्या कामाच्या दर्जाचं आंतरराष्ट्रीय मानक) मान्यताप्राप्त असेल तर उत्तम. रिपोर्ट द्यायला टाळाटाळ केली की ती बाटली घ्यायची नाही, कितीही रिव्ह्यू चांगले असोत.

आयसोलेटमध्ये फक्त सीबीडी असतं, ब्रॉड स्पेक्ट्रममध्ये बाकीचे घटक असतात पण टीएचसी काढून टाकल्याचा दावा असतो, फुल स्पेक्ट्रममध्ये थोडं टीएचसी असतंच. अमेरिकेत २०१८ च्या कायद्याने हेम्पमध्ये (टीएचसी कमी असलेलं भांगेचं झाड) टीएचसीची मर्यादा ०.३ टक्के ठरवली, वाचायला ती अगदी किरकोळ वाटते, पण रोज मोठा डोस घेतला तर तेवढ्यानेही लघवीची ड्रग टेस्ट पॉझिटिव्ह येऊ शकते. खेळाडूंनी तर आणखी सांभाळून, वाडाने (खेळातल्या डोपिंगवर लक्ष ठेवणारी जागतिक संस्था) २०१८ पासून सीबीडीला बंदीच्या यादीतून वगळलंय पण टीएचसी आणि बाकीचे कॅनाबिनॉइड (भांगेतले किंवा त्यांच्यासारखे घटक) अजून यादीत आहेत. आणि "हेम्प सीड ऑइल" असं लिहिलं असेल तर ते खायचं तेल आहे, त्यात सीबीडी जवळजवळ नसतंच.

व्हेपिंगचं सीबीडी घेऊ नका असंच सांगेन. २०१९ मध्ये अमेरिकेत फुफ्फुसांच्या आजाराची जी साथ आली तिचा संबंध व्हेपच्या द्रवातल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटशी लागला होता, ती प्रकरणं मुख्यतः टीएचसीच्या व्हेपची असली तरी कार्ट्रिजमध्ये काय मिसळलंय हे आपल्याला बाहेरून कधीच कळत नाही.

स्टेप ५: डोस मिलिग्रॅममध्ये, थेंबात नाही

लेबलवर मोठ्या अक्षरात १५०० लिहिलंय म्हणजे अख्ख्या बाटलीत १५०० मिलिग्रॅम. बाटली ३० मिलीची असेल तर एका मिलीत ५० मिलिग्रॅम, म्हणजे १० मिलिग्रॅम हवं असेल तर ०.२ मिली. हे ड्रॉपरने अंदाजे घेऊ नका, थेंब प्रत्येक ड्रॉपरचा आणि तेलाचा वेगळा पडतो, औषधाच्या दुकानात १ मिलीची सुई नसलेली सिरिंज मिळते तिने मोजा. ब्रँड बदलला की हे गणित परत करा, ६०० आणि ३००० च्या बाटल्या दिसायला सारख्याच असतात.

सुरुवात दिवसाला ५ ते १० मिलिग्रॅम, शक्यतो संध्याकाळी, आणि पहिले काही दिवस घेतल्यानंतर गाडी चालवायची नाही. रोज घेतलं की सीबीडी शरीरात साठत जातं, एपिडायोलेक्सच्या नोंदीनुसार नेहमी घेणाऱ्यात ते रक्तात निम्मं व्हायलाच ५६ ते ६१ तास लागतात, म्हणजे आज वाढवलेल्या डोसचा पूर्ण परिणाम दिसायला दीड-दोन आठवडे जातात. म्हणून दोन आठवडे एकच डोस, मग गरज असेल तरच थोडा वाढवा. "काल १० ने झोप लागली नाही म्हणून आज ३०" असं केलं तर तुम्ही नक्की कशाचा परिणाम बघताय तेच कळणार नाही. पहिल्या महिन्यात दुसरं कुठलंही नवीन सप्लिमेंट सुरू करू नका, त्याच कारणासाठी.

जेवणाचं एक सांगायचं राहिलं, आणि ते महत्त्वाचं आहे. तुपकट, तेलकट जेवणासोबत घेतलं तर रक्तातलं सीबीडी उपाशीपोटीच्या तुलनेत चार-पाच पटीने वाढतं. त्यामुळे एक दिवस रिकाम्या पोटी आणि एक दिवस भरपेट जेवणावर असं घेतलं तर तो एकच डोस राहत नाही. वेळ ठरवा, जेवणासोबत की जेवणाआधी ते ठरवा आणि रोज तसंच करा.

स्टेप ६: वही

मोबाइलच्या नोट्समध्ये रोज एकच ओळ पुरते, अशी काहीतरी: "रात्री ९, जेवणानंतर, १० मिग्रॅ, बॅच अमुक, झोप ६ तास, सकाळी डोकं जड, पोट एकदा सैल, भूक ठीक." सीबीडीचे नेहमीचे त्रास म्हणजे पेंग, जुलाब, भूक मंदावणं, थकवा, कधी अंगावर पुरळ, आणि हे हळूहळू येतात त्यामुळे लिहिलेलं नसेल तर लक्षातच येत नाही की महिन्याभरात तीन किलो वजन उतरलंय. आठवड्याला एकदा वजन लिहा. घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा की मी हे घेतोय आणि माझा मूड, चिडचिड, बोलणं-वागणं बदललं तर मला सांग.

स्टेप ७: पुढच्या टेस्ट कधी आणि आकडे कसे वाचायचे

एपिडायोलेक्ससाठीचं वेळापत्रक असं आहे, सुरू करण्याआधी, मग १ महिन्याने, ३ महिन्यांनी, ६ महिन्यांनी आणि त्यानंतर अधूनमधून, शिवाय डोस बदलला किंवा लिव्हरवर परिणाम करणारं दुसरं औषध जोडलं की महिन्याच्या आत परत. मी म्हणेन हेच उचला. अगदी १० मिलिग्रॅमच्या आसपास असाल आणि दुसरं काहीच औषध नसेल तर डॉक्टर कदाचित १ महिना आणि ६ महिने एवढंच पुरे म्हणतील, ते त्यांच्याशी बोलून ठरवा, पण एक महिन्याची टेस्ट चुकवू नका. सोबत लिव्हरला जड औषध असेल तर दोन आठवड्यांनीही एक करून घ्या. वॉरफरिनवाल्यांना आयएनआर, टॅक्रोलिमसवाल्यांना रक्तातली पातळी, हे डॉक्टर सांगतील तसं पहिल्या आठवड्यापासूनच.

रिपोर्ट आला की उजवीकडची "नॉर्मल रेंज" बघा, प्रत्येक लॅबची थोडी वेगळी असते. समजा एसजीपीटीची वरची मर्यादा ४० आहे. ५०-६० आला आणि अंगात काही त्रास नाही तर डोस वाढवू नका, दोन आठवड्यांनी परत टेस्ट करा, डॉक्टरना कळवा. ८०-१०० आला तर मी तरी सीबीडी थांबवून डॉक्टरशी बोलेन, कारण हे काही जीव वाचवणारं औषध नाही की चालूच ठेवलं पाहिजे. १२० च्या पुढे, म्हणजे मर्यादेच्या तिप्पट, तर त्याच दिवशी बंद आणि डॉक्टरकडे, आणि सोबत बिलिरुबिनही मर्यादेच्या दुप्पटीपुढे असेल तर ते गंभीर समजतात, तेव्हा सोमवारपर्यंत वाट बघायची नाही.

टेस्टची तारीख यायची असली तरी पुढचं काही दिसलं तर लगेच सीबीडी बंद करून डॉक्टरकडे जा: डोळे किंवा कातडी पिवळी, लघवी चहासारखी गडद, उजवीकडे बरगड्यांच्या खाली दुखणं, कारण नसताना मळमळ-उलट्या, अंगाला खूप खाज, अन्नावरची वासनाच उडणं. चेहरा-ओठ सुजले, श्वास घ्यायला त्रास झाला, माणूस हाक मारून उठेना किंवा जीव द्यायचे विचार यायला लागले तर थेट इमर्जन्सीत. जाताना बाटली सोबत न्या, कारण काही वेळा "सीबीडी" म्हणून विकलेल्या बाटलीत भलतंच सिंथेटिक (लॅबमध्ये बनवलेलं) कॅनाबिनॉइड निघालंय, २०१७-१८ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात अशाच बाटल्यांमुळे बरेच लोक आजारी पडले होते.

गमीज कुलपात ठेवा. मुलांना त्या चॉकलेट-गोळ्याच वाटतात.

स्टेप ८: ऑपरेशन, नवीन औषध आणि बंद करणं

ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरना आधी सांगा, किती घेता आणि शेवटचं कधी घेतलं ते. नवीन अँटिबायोटिक, बुरशीचं किंवा डिप्रेशनचं औषध कोणी लिहून दिलं तर औषध घेण्याआधी फार्मासिस्टला सीबीडीचं सांगा.

तीन महिने नीट घेऊन वहीत फरक दिसत नसेल तर बंद करा, डोस वाढवत राहण्यात अर्थ नाही. कमी डोस असेल आणि दुसरं औषध नसेल तर बंद करणं सोपं आहे. पण सोबत वॉरफरिन, टॅक्रोलिमस किंवा फिट्सचं औषध असेल आणि त्याचा डोस सीबीडी चालू असताना कमी केला गेला असेल, तर सीबीडी बंद केल्यावर ते औषध रक्तात हळूहळू खाली येणार, म्हणजे गुठळी, रिजेक्शन (शरीराने बसवलेला अवयव नाकारणं) किंवा फिट यायची भीती. आणि सीबीडी शरीरातून जायला दोन आठवड्यांच्या आसपास लागतात म्हणून हे लगेच दिसतही नाही. त्यामुळे बंद करायची तारीख डॉक्टरना आधी कळवा आणि पुढच्या दोन ते चार आठवड्यांत आयएनआर किंवा औषधाची पातळी परत मोजून घ्या. आकडे वाढले म्हणून बंद केलं असेल तर दोन आठवड्यांनी एलएफटी परत करा आणि पहिल्या रिपोर्टशेजारी ठेवून बघा, अजून खाली आला नसेल तर कारण दुसरं काही असू शकतं आणि ते डॉक्टरने शोधायला हवं.